आधी शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याचे सांधेरोपण : निकाल कशावर अवलंबून असतो

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्या भगिनींचे वय 57 आहे. वयाच्या 28व्या वर्षी गुडघा मुरगळून सांध्याच्या आतल्या बाजूची गादी (मेनिस्कस) फाटली आणि ती काढून टाकावी लागली. 44व्या वर्षी त्याच पायाच्या नडगीचे हाड गुडघ्याखाली कापून, आतल्या बाजूने पाचरीसारखे उघडून पाय सरळ करण्यात आला व तेथे प्लेट आणि स्क्रू बसवण्यात आले. त्यानंतरची दहा वर्षे चांगली गेली, परंतु गेल्या तीन वर्षांत दुखणे इतके वाढले आहे की रात्री झोपमोड होते. एका शल्यचिकित्सकांनी प्लेट काढणे आणि सांधा बदलणे एकाच वेळी करू असे सुचवले आहे, तर दुसऱ्यांनी आधी प्लेट काढून काही आठवड्यांनी सांधेरोपण करावे असे म्हटले आहे. शिवाय ‘दोनदा शस्त्रक्रिया झालेला गुडघा बदलला तरी बरा होत नाही’ असे कुणीतरी सांगितल्यामुळे त्या धास्तावल्या आहेत. यातले खरे किती, आणि कोणत्या डॉक्टरांचे ऐकावे, असे त्या विचारतात.

गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी सांधेरोपणाच्या शस्त्रक्रिया करत आहे आणि अशा गुडघ्यांचे रुग्ण माझ्याकडे नियमितपणे येतात. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट स्पष्टपणे सांगतो : ‘बरा होत नाही’ हे विधान चुकीचे आहे. आधी शस्त्रक्रिया झालेल्या बहुसंख्य गुडघ्यांत सांधेरोपणानंतर वेदना लक्षणीय कमी होतात आणि चालणे सुधारते. मात्र शस्त्रक्रिया अधिक वेळ घेते, गुडघा ताठ राहण्याची, जखम भरायला उशीर लागण्याची आणि जंतुसंसर्गाची शक्यता काहीशी वाढते, हेही तितकेच खरे आहे. ही वाढ किती, याचे उत्तर ‘आधी किती शस्त्रक्रिया झाल्या’ या आकड्यात सापडत नाही. त्या शस्त्रक्रियांनी गुडघ्यात काय मागे ठेवले आहे, हे पाहावे लागते. मी प्रत्येक रुग्णात चार गोष्टी तपासतो : कातडीवरचे व्रण, हाडाचा बदललेला आकार, सांध्याचा ताठपणा आणि दडून बसलेला जंतू.

आधीच्या शस्त्रक्रियांमध्येही फार फरक असतो. केवळ दुर्बिणीतून गादीचा तुकडा काढलेला असेल, आणि त्याला पुरेसा काळ लोटला असेल, तर सांधेरोपणाच्या दृष्टीने तो गुडघा जवळजवळ कधीच हात न लागलेल्या गुडघ्यासारखा असतो. मात्र दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून सहा महिन्यांच्या आत सांधा बदलणे मी टाळतो, कारण या घाईत गुंतागुंत वाढल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पुढच्या अस्थिबंधाची (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याची), म्हणजे एसीएलची, पुनर्रचना झालेल्या गुडघ्यात जुने स्क्रू वाटेत येतात, हाडातील बोगदे रुंदावलेले असू शकतात आणि ताठपणाकडे थोडे अधिक लक्ष द्यावे लागते; एरवी त्यांचे निकाल चांगले असतात. दुसऱ्या टोकाला, नडगीच्या हाडाचा वरचा भाग अपघातात सांध्यापर्यंत फुटून तो प्लेटांनी जोडलेला असेल, तर तो सर्वांत अवघड गटांपैकी एक. तेथे कातडी, हाड आणि स्नायू या तिन्हींना एकाच वेळी इजा झालेली असते, त्यामुळे सांधेरोपणानंतर जंतुसंसर्ग आणि ताठपणा दोन्ही अधिक आढळतात. अर्धा सांधा आधी बदललेला असून आता पूर्ण बदलायचा असेल, तर निकाल साधारणपणे थेट पूर्ण सांधा बदललेल्यांपेक्षा थोडा खाली राहतो, आणि आतल्या बाजूचे हाड झिजले असल्यास लांब दांड्याचा कृत्रिम सांधा लागतो. ज्यांची गुडघ्याची वाटीच पूर्वी काढून टाकलेली आहे, त्यांच्या मांडीच्या स्नायूंचा जोर वाटीअभावी कायमचा कमी झालेला असतो. नवा सांधा वेदना कमी करील, पण तो जोर परत आणू शकणार नाही, हे त्यांना आधीच सांगावे लागते.

आपल्या गुडघ्याची वाटचाल मात्र अगदी ओळखीची आहे. गादी हा सांध्यातील सुटा, निरुपयोगी भाग आहे, असा समज एके काळी होता. 1948 मध्ये फेअरबँक या ब्रिटिश शल्यचिकित्सकांनी गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे तपासून सांध्यातील फट अरुंद होणे, हाडाच्या कडेला उंचवटा येणे आणि मांडीच्या हाडाचे टोक चपटे होणे हे बदल नोंदवले. त्यानंतर गादी ही भार वाटून घेणारी रचना असल्याचे हळूहळू सर्वांना पटत गेले. आतली गादी गेली की तेवढ्याच वजनाचा दाब लहान जागेवर येतो, कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, झिजते आणि पाय आतून धनुष्यासारखा वाकू लागतो. वयाच्या चाळिशीत अशा गुडघ्याचे हाड कापून भार बाहेरच्या, निरोगी बाजूकडे वळवणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. त्याने आपल्याला दहा चांगली वर्षे दिली. ती शस्त्रक्रिया वाया गेली असे आपण मनात आणू नये. 44व्या वर्षीच सांधा बदलला असता तर तो पुन्हा बदलण्याची वेळ आयुष्यात येण्याची शक्यता बरीच मोठी होती.

आता या हाड कापण्याच्या शस्त्रक्रियेने मागे काय ठेवले असेल ते पाहू. जुन्या पद्धतीत बाहेरच्या बाजूने हाडाची पाचर काढून फट बंद केली जात असे. त्या गुडघ्यांत नडगीच्या वरच्या भागाची बाहेरची बाजू तोकडी पडते, आणि हाडाचा माथा खालच्या दांड्याच्या मध्यावरून सरकलेला असतो. कृत्रिम सांध्याची मधली दांडी मग हाडाच्या बाहेरच्या भिंतीला टेकते, आणि काही वेळा मध्यापासून बाजूला काढलेली दांडी वापरावी लागते. आपली पद्धत नंतरची, आतून उघडण्याची. तीत हाडाचे नुकसान कमी होते, पण दोन गोष्टी बिघडू शकतात. पहिली, नडगीच्या माथ्याचा मागच्या बाजूला असलेला उतार वाढतो. हा उतार सांधेरोपणात दुरुस्त केला नाही, तर वाकलेल्या गुडघ्यात सैलपणा राहतो. दुसरी, सांध्याच्या रेषेच्या तुलनेत गुडघ्याची वाटी खाली येते. वाटीची उंची मोजण्यासाठी 1971 पासून इन्सॉल आणि साल्वाटी यांचे गुणोत्तर वापरले जाते : वाटीखालच्या कंडरेची, म्हणजे वाटीला नडगीशी जोडणाऱ्या जाड पट्ट्याची, लांबी भागिले वाटीची लांबी. ते साधारण 1 असते, 0.8 पेक्षा कमी असेल तर वाटी खाली आहे असे मानतात. हाड उघडून वाटी खाली आली असेल, तर मात्र हे गुणोत्तर बदललेले दिसत नाही, कारण कंडरेची लांबी तीच राहते. म्हणून अशा गुडघ्यात वाटीचे सांध्याच्या रेषेपासूनचे अंतरही मोजावे लागते. वाटी खाली असेल तर शस्त्रक्रियेत ती बाजूला सरकवणे कठीण जाते आणि तिची कंडरा हाडावरून सुटण्याचा धोका असतो. ही कंडरा सुटणे हा सांधेरोपणातील सर्वांत वाईट अपघातांपैकी एक आहे, कारण ती पुन्हा जोडली तरी पूर्वीसारखी काम करत नाही. म्हणूनच अशा गुडघ्यात आम्ही ओढाताण करत नाही. गरज पडल्यास मांडीच्या स्नायूच्या कंडरेला वर छोटा छेद देऊन जागा करून घेतो.

एवढे सारे असूनही, हाड कापण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या सांधेरोपणाचे दीर्घकालीन निकाल आधी हात न लागलेल्या गुडघ्याच्या सांधेरोपणाच्या जवळ जातात, असेच बहुतेक अभ्यासांचे म्हणणे आहे. सांधेरोपणांच्या काही नोंदणी-अहवालांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण थोडे अधिक दिसते, पण ते घाबरून सांधेरोपण टाळावे इतके नाही. अडचणी बहुतांशी तांत्रिक असतात आणि त्या आधी ओळखल्या तर सोडवता येतात.

कातडीचा विषय मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण रुग्ण त्याविषयी क्वचितच विचारतात. गुडघ्याच्या पुढच्या कातडीला रक्त मुख्यतः आतल्या बाजूने येते, आणि ते कातडीखालच्या घट्ट पडद्यालगतच्या जाळ्यातून पसरते. प्रत्येक उभा छेद हे जाळे तोडतो. दोन समांतर छेद जवळजवळ असतील तर त्यांच्यामधील कातडीची पट्टी उपाशी राहते आणि काळी पडू शकते. म्हणून जुना उभा व्रण योग्य जागी असेल तर त्याच्यातूनच जायचे. अनेक उभे व्रण असतील तर त्यांतला सर्वांत बाहेरचा, पण उपयोगाचा, निवडायचा. नवा छेद घ्यावाच लागला तर दोहोंमध्ये पाच ते सात सेंटिमीटर अंतर ठेवायचे. आणि जुना आडवा व्रण ओलांडायचा असेल तर शक्यतो काटकोनात ओलांडायचा. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातून एकदा याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. जुन्या व्रणापासून दोन बोटांवर मी नवा छेद घेतला आणि दहाव्या दिवशी मधली कातडी काळवंडली. प्लास्टिक सर्जनांनी पोटरीचा स्नायू वळवून ती जागा झाकली आणि सांधा वाचला, पण त्या रुग्णाचे तीन महिने त्यात गेले. तेव्हापासून कोणत्याही एक्स-रेआधी मी व्रण बघतो, चिमटीत धरून कातडी खालच्या हाडावर सरकते का ते पाहतो, आणि ती चिकटलेली व पातळ असेल तर प्लास्टिक सर्जनांचे मत शस्त्रक्रियेआधीच घेतो. आपण सांगितल्याप्रमाणे आपले दोन व्रण आहेत. त्यांतला जुना जर सांध्याच्या आतल्या कडेला छोटा असेल आणि दुसरा नडगीच्या आतल्या बाजूला उभा असेल, तर बहुधा मधल्या छेदाची रेषा खाली दुसऱ्या व्रणात मिळवता येईल. परंतु हे कातडी पाहूनच ठरवायचे असते.

चौथी गोष्ट जंतूची. धातूची प्लेट वर्षानुवर्षे शरीरात शांत असली तरी तिच्यावर काही मंद वाढणारे जंतू चिकट थर करून राहू शकतात. बाहेरून लाली नसते, ताप नसतो, फक्त दुखणे असते, आणि दुखण्याला झीज हे कारण समोर असल्यामुळे कोणी शोध घेत नाही. अशा जागी नवा सांधा बसवला तर तो जंतूच्या स्वाधीन केल्यासारखे होते. म्हणून धातू असलेल्या किंवा पूर्वी उघडलेल्या प्रत्येक गुडघ्यात मी ईएसआर आणि सीआरपी या शरीरातील दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या करतो. त्या वाढलेल्या असतील, किंवा आधीच्या शस्त्रक्रियेनंतर जखम वाहिल्याची, टाके उशिरा काढल्याची, अनेक आठवडे प्रतिजैविके घेतल्याची आठवण रुग्ण सांगत असेल, तर सुईने सांध्यातील पाणी काढून त्यातील पांढऱ्या पेशी मोजतो आणि त्यात जंतू वाढतात का हे पाहण्यासाठी ते प्रयोगशाळेत पाठवतो. मंद जंतूंसाठी ही तपासणी चौदा दिवसांपर्यंत ठेवण्यास प्रयोगशाळेला सांगावे लागते. पाणी काढण्याआधी किमान दोन आठवडे प्रतिजैविके बंद असावीत, अन्यथा जंतू असूनही अहवाल कोरा येतो. आपल्या 44व्या वर्षीच्या शस्त्रक्रियेनंतर जखम कशी भरली होती, हे नीट आठवून सांगणे म्हणूनच फार मोलाचे आहे. ‘थोडे दिवस पाणी येत होते’ हे वाक्य रुग्ण सहज बोलून जातात. माझ्यासाठी ते सगळी योजना बदलणारे वाक्य असते.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळतो : एकाच वेळी की दोन टप्प्यांत? आपल्या दोन्ही डॉक्टरांचे म्हणणे वैद्यकीयदृष्ट्या योग्य असू शकते. रक्तचाचण्या स्वच्छ असतील, जखमेचा इतिहास निर्मळ असेल, प्लेट त्याच छेदातून किंवा त्याला जोडून निघत असेल आणि हाड पूर्ण जुळलेले असेल, तर एकाच वेळी दोन्ही करणे मला पसंत आहे. एकदाच भूल, एकदाच बरे होणे. सर्व स्क्रू काढण्याचाही हट्ट नसावा. जे नव्या सांध्याच्या वाटेत येत नाहीत ते ठेवले तरी चालते. याउलट जंतूची शंका असेल, प्लेट काढण्यासाठी दूर वेगळा छेद लागणार असेल, किंवा कातडी इतकी नाजूक असेल की एका दिवसात दोन कामे ती सोसणार नाही, तर आधी प्लेट काढावी, त्या वेळी हाडाजवळचे तीन ते पाच नमुने तपासणीला पाठवावेत आणि जखम पूर्ण भरल्यावर, साधारण दीड ते तीन महिन्यांनी, सांधा बदलावा. त्यामुळे ‘कोणाचे ऐकावे’ यापेक्षा दुसऱ्या डॉक्टरांना ‘आपण दोन टप्पे कशामुळे सुचवता?’ असे विचारणे अधिक उपयोगी ठरेल. त्यांच्या मनात जंतूची शंका असेल तर ती पहिल्या डॉक्टरांनाही कळायला हवी.

शस्त्रक्रियेच्या तयारीत उभ्याने काढलेला खुब्यापासून घोट्यापर्यंतचा लांब एक्स-रे आवश्यक आहे, कारण पाय कुठे वाकला आहे, सांध्यात की कापलेल्या हाडात, हे त्याशिवाय समजत नाही. नेहमीच्या सांधेरोपणात मांडीच्या हाडात दांडी घालून तिच्या आधाराने हाडाचे काप घेतले जातात. आपल्या बाबतीत मांडीचे हाड सरळ असल्यामुळे तसे करता येईल, पण ज्यांच्या मांडीच्या हाडात सळई किंवा वाक आहे त्यांच्यासाठी संगणकाच्या किंवा रोबोटच्या साहाय्याने काप घेणे खरोखर उपयोगी पडते. आतल्या बाजूचा अस्थिबंध सैल निघाला तर थोडा अधिक आधार देणारा सांधा लागतो. तो शस्त्रक्रियेच्या दिवशी खोलीत तयार असला पाहिजे. हे सर्व सांगण्याचे कारण इतकेच की, असे गुडघे नियमित करणाऱ्या हातांकडे आणि पूर्ण साहित्य असलेल्या ठिकाणी जावे.

निकालाचे आकडे विचारणे आपला हक्क आहे. ज्यांच्या गुडघ्याला पूर्वी कधीच हात लागलेला नाही, अशा रुग्णांतही सांधेरोपणानंतर सुमारे पाचांपैकी चार जण समाधानी असतात. म्हणजे पाचवा पूर्ण समाधानी नसतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मोठ्या राष्ट्रीय नोंदण्यांवर आधारलेल्या विश्लेषणानुसार पूर्ण गुडघ्याची सुमारे 82 टक्के रोपणे 25 वर्षे टिकतात. दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात, सत्तरीनंतर सांधा बदललेल्यांना आयुष्यात तो पुन्हा बदलावा लागण्याचा धोका सुमारे 5 टक्के, तर पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या पुरुषांत तो 35 टक्क्यांपर्यंत आढळला; त्याच वयाच्या स्त्रियांत तो बराच कमी होता. आधी शस्त्रक्रिया झालेले रुग्ण बहुधा कमी वयात सांधेरोपणाला येतात, हा मुद्दा माझ्या मते व्रणांपेक्षाही महत्त्वाचा आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. आपल्या 57व्या वर्षी हा धोका त्या दोन टोकांच्या मध्ये राहील.

गुडघा किती वाकेल, याचा सर्वांत चांगला अंदाज शस्त्रक्रियेआधी तो किती वाकतो यावरून येतो. सपाट जागी चालण्यासाठी साधारण 60 ते 70 अंश पुरतात, जिन्यासाठी 90च्या आसपास लागतात आणि खुर्चीतून सहज उठण्यासाठी त्याहून थोडे अधिक. आज आपला गुडघा 110 अंश वाकत असेल तर नंतरही साधारण तेवढा वाकेल. 80 अंशांवर अडकत असेल तर शस्त्रक्रियेनंतर 95 ते 100 अंश मिळाले तरी मी त्याला उत्तम यश म्हणेन. म्हणून तुलना करायची असेल तर ती आपल्या आजच्या गुडघ्याशी करावी. शेजारच्या खाटेवरील, कधीच शस्त्रक्रिया न झालेल्या गुडघ्याशी तुलना केली की चांगला निकालही अपुरा वाटू लागतो. असे निराश झालेले आणि तरीही विनाकाठी चालणारे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्यांना आधी नीट समजावले गेले नव्हते याचे मला वाईट वाटते.

शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन आठवडे माझे लक्ष वाकण्यापेक्षा जखमेकडे अधिक असते. जखमेची कड फिकट किंवा काळसर वाटली तर वाकवण्याचा व्यायाम काही दिवस थांबवणे योग्य, कारण गेलेले अंश नंतर मिळवता येतात. जखम भरत असेल तर मात्र रोजचा व्यायाम चुकवू नये. सहा आठवड्यांच्या सुमारास गुडघा 90 अंशांपर्यंत पोहोचत नसेल, तर भूल देऊन तो हाताने वाकवण्याचा विचार करावा लागतो. हे सहा ते बारा आठवड्यांच्या काळात केले तर फायदा होतो, त्यानंतर चिकटलेले तंतू घट्ट होतात. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर राहणे जवळजवळ नेहमीचे आहे, आणि आपल्याला ती आधीपासूनच थोडी बधिर असण्याची शक्यता आहे.

आता आपण पुढील गोष्टी कराव्यात. दोन्ही जुन्या शस्त्रक्रियांची कागदपत्रे, विशेषतः 44व्या वर्षीची शस्त्रक्रिया-टिप्पणी आणि प्लेटचे नाव, मिळवावे. स्क्रूच्या डोक्याला जुळणारा पाना उपलब्ध नसल्यामुळे तास-दोन तास वाया गेल्याचे प्रसंग मी अनुभवले आहेत. गुडघ्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतले असेल तर त्यापासून तीन महिने सांधेरोपण करू नये, कारण त्या काळात जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आणि आता नवीन इंजेक्शन घेऊ नये. साखर असल्यास ती आटोक्यात आणावी, तंबाखू कोणत्याही स्वरूपात असल्यास किमान सहा आठवडे आधी बंद करावी, कारण व्रणावरची कातडी त्याला सर्वांत आधी बळी पडते. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम आजपासूनच सुरू करावा. रक्तचाचण्या, लांब एक्स-रे आणि कागदपत्रे घेऊन दोन्ही डॉक्टरांकडे पुन्हा एकदा जावे आणि प्लेटविषयीचा प्रश्न त्यांच्यासमोर ठेवावा. चाचण्या स्वच्छ आल्या तर माझे मत एकाच वेळी करण्याच्या बाजूने आहे. सीआरपी वाढलेले निघाले किंवा जुनी जखम वाहिली होती असे आढळले, तर दोन टप्पेच करावेत, आणि मधले ते दोन-तीन महिने वेदना सोसाव्या लागल्या तरी त्यात घाई करू नये.